दंड ठरला, पण कोर्टाने मानला का?

आजचा भाग ऐकायला वेळ नसेल, तर हे वाचून घ्या.

नवा अँड्रॉइड फोन घेतला की त्यात सर्च कोणाचं असतं? गूगलचं. का, हे आपण विचारतही नाही. ऑस्ट्रेलियात ते विचारलं गेलं. टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या तिथल्या बड्या मोबाइल कंपन्या. डिसेंबर २०१९ ते मार्च २०२१ या काळात त्यांनी विकलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून फक्त गूगल सर्च टाकायचं आणि बदल्यात गूगलने जाहिरातींच्या कमाईतला वाटा द्यायचा, असा समझोता होता. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने हे कबूल केलं आणि तिथल्या स्पर्धा आयोगाबरोबर साडेपाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंडावर सहमती झाली.

मग काय, मांडवली झाली, विषय संपला? नाही ना! अशा प्रकरणात आयोग स्वतः दंड ठोकू शकत नाही. तो अधिकार कोर्टाचा. त्यामुळे दोन्ही बाजू मान्य घटना लिहून फेडरल कोर्टात जातात आणि म्हणतात, ‘साहेब, आम्हाला एवढा दंड योग्य वाटतो.’ न्यायाधीश बघतात: प्रकार किती काळ चालला, वरच्या साहेबांचा हात होता का, कंपनी किती मोठी, तिने तपासात मदत केली का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा आकडा बघून दुसरी कंपनी असलं काही करायला धजेल का? दंड परवडण्यासारखा असेल तर तो धंद्याचा खर्चच झाला की. मात्र ‘मी असतो तर थोडा जास्त लावला असता’ एवढ्यावरून कोर्ट ठरलेला आकडा फेटाळत नाही. आकडा योग्य पट्ट्यात बसला की पुरे. हे तत्त्व १९९६ पासून पक्कं आहे.

मध्ये एकदा ते डळमळलं होतं. २०१४ मध्ये हायकोर्टाने (तिथलं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट, गोंधळू नका) फौजदारी खटल्यात सांगितलं की किती शिक्षा द्यावी याचा आकडा सरकारी वकिलांनी सुचवू नये. मग दिवाणी दंडाचं काय? फेडरल कोर्टाने तोच नियम इथेही लावला. डिसेंबर २०१५ मध्ये हायकोर्टाने तो निर्णय फिरवला: दिवाणी दंडात आकडा सुचवता येईल, पण शेवटचा शब्द कोर्टाचा.

तो शब्द नुसता शिक्का नसतो, हे फोक्सवॅगनला कळलं. ते प्रकरण स्पर्धेचं नव्हतं, ग्राहकांची दिशाभूल केल्याचं होतं, पण पद्धत हीच. ठरलं होतं साडेसात कोटी डॉलर. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी लावले साडेबारा कोटी! कंपनी अपिलात गेली, तिथेही हरली.

बरं, हा पैसा जातो कुठे? सरकारी तिजोरीत. ज्यांना जास्त भाव मोजावा लागला त्यांना त्यातून काही मिळत नाही. व्हिझी आणि अ‍ॅमकॉर या कंपन्यांनी २००० ते २००४ मध्ये संगनमत करून पुठ्ठ्याच्या खोक्यांचे भाव ठरवले. अ‍ॅमकॉरने स्वतःच आयोगाला जाऊन सांगितलं, म्हणून ती दंडातून सुटली. व्हिझीचा ३.६ कोटींचा ठरलेला दंड कोर्टाने २००७ मध्ये मान्य केला. पण खोकी विकत घेणाऱ्यांना वेगळा सामूहिक दावा लढावा लागला. २०११ मध्ये ९.५ कोटींवर तडजोड झाली, म्हणजे दंडाच्या अडीचपटीहून जास्त! मला तर खरी शिक्षा हीच वाटते.

आपल्याकडे? २०२३ च्या दुरुस्तीने तडजोडीची सोय आली, पण कार्टेलला ती नाही. अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात गूगलने एप्रिल २०२५ मध्ये २०.२४ कोटी रुपयांवर मिटवलं. इथे मान्यता देतो तो खुद्द स्पर्धा आयोग, कोर्ट नाही. त्या आदेशावर अपीलही नाही. पण नुकसान झालेल्यांना भरपाईसाठी अपील न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा रस्ता उघडा ठेवलाय.