दर सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल

बहुतेक पेट्रोल इंजिनांत हवेच्या वाटेवर एकच थ्रॉटल बॉडी असते. ॲक्सिलरेटर दाबला की तिच्यातली झडप उघडते, हवा मॅनिफोल्डच्या पोकळीत शिरते आणि तिथून सगळ्या सिलिंडरांना वाटली जाते. स्वतंत्र थ्रॉटलच्या रचनेत प्रत्येक सिलिंडरची झडप वेगळी असते आणि ती इनटेक व्हॉल्व्हच्या जवळ बसते. बीएमडब्ल्यूच्या ई-४६ पिढीतल्या एम-३ ला अशा सहा झडपा होत्या, ई-६० एम-५ च्या व्ही-१० इंजिनाला दहा.

नाशिकला ही रचना तशी परकी. सातपूरचा बॉश कारखाना, म्हणजे जुना मायको, डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनवण्यासाठी ओळखला जातो. आणि डिझेल इंजिनाची ताकद हवा अडवून नव्हे, इंधन कमी-जास्त करून राखली जाते, त्यामुळे तिथे अशा झडपांचा प्रश्न येत नाही.

स्वतंत्र थ्रॉटलमध्ये झडपेपासून व्हॉल्व्हपर्यंतची जागा लहान असल्याने ती चटकन भरते आणि पाय हलताच इंजिन प्रतिसाद देते. शर्यतीच्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात. तेव्हा स्वतंत्र झडपांमुळे एका सिलिंडरचा उलटा झोत दुसऱ्याच्या हवेत मिसळत नाही, म्हणून आयडल त्यातल्या त्यात सुधारते. कमाल ताकद मात्र झडपांच्या संख्येने वाढत नाही. ती कॅम, हेड आणि इनटेकच्या नळ्यांच्या लांबीवर ठरते. नुसत्या थ्रॉटल बॉडी बदलून साध्या इंजिनातून फारसे काही मिळत नाही. आवाज तेवढा भारी येतो, आणि खरे तर बऱ्याच जणांचे पैसे त्यासाठीच जातात.

तोटे रोजच्या वापरात जाणवतात. चार सिलिंडरच्या इंजिनात चारही झडपा सारख्याच उघडल्या पाहिजेत. झडपा कमी उघडलेल्या असताना किंचित फरकानेही इंजिन थरथरते. दोन कार्ब्युरेटरच्या जुन्या राजदूत ३५० चे सेटिंग केलेल्या मेकॅनिकला हे काम नवे नाही. ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम एका नळीतून घेतला तर तो धडधडता आणि अपुरा मिळतो, म्हणून चारही नळ्या एका छोट्या टाकीला जोडाव्या लागतात. धूळ हा आणखी त्रास. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिक परिसरातल्या ज्या कच्च्या रस्त्यांवर धावली, तिथे नळ्यांच्या तोंडाला फिल्टरशिवाय उघडे कर्णे लावणे म्हणजे पिस्टनवर वाळू टाकणे. वरून फिल्टरची पेटी बसवावी. ती झडपांच्या अलीकडे असल्याने पुरेशी मोठी ठेवली तर प्रतिसाद मंदावत नाही.

मॅनिफोल्डचा दाब स्थिर नसल्याने ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, अनेकदा झडपेचा कोन आणि इंजिनाचे फेरे यांवरून हवेचा अंदाज बांधावा लागतो. कोन उंची सांगत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. मुंबईत ट्यून केलेली गाडी कसारा घाट चढून आली की पेट्रोल जास्त पिते, प्लग काळे पडतात. वातावरणाचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर जोडून ईसीयूत तशी दुरुस्ती भरली, तर हा दोष जातो.