बिटांतील साखर आणि तिचे सोबती

कारखाने साखर तयार करतात असें सहज म्हटलें जातें. वस्तुतः साखर तयार होते ती शेतांत, हिरव्या पानांत. कारखान्याचें काम एवढेंच कीं, तिला तिच्या सोबत्यांपासून निराळें काढावयाचें.

पैठण तालुक्यांतील पाचोडच्या बाजूस पाऊस बेभरंवशाचा. ऊंस जमीन वर्ष-दीड वर्ष अडवितो आणि पाणी फार मागतो. साखरबीट मात्र पांच-सहा महिन्यांत निघतें. म्हणून अशा टापूंत या पिकाचा विचार होणें साहजिक आहे. पण त्याचे सोबती उसापेक्षां वेगळे आहेत.

बर्लिनच्या मार्ग्राफनें १७४७ सालीं बिटांतील साखर ही उसाचीच साखर आहे, हें दाखविलें. त्याचा शिष्य आखार्ड यानें १८०१ सालीं सायलेशियांत तिचा पहिला कारखाना काढला. बीट उसाप्रमाणें पिळीत नाहींत. त्याचे काप सुमारें ७० अंश ऊन पाण्यांत ठेवतात व साखर पाण्यांत उतरते. मग रसांत चुना घालून कार्बन डायऑक्साइड वायु सोडतात. त्यानें खडू बनतो आणि तळाशीं बसतांना प्रथिनें व कित्येक आम्लें बरोबर घेऊन बसतो.

अमिनो आम्लें मात्र चुन्याला दाद देत नाहींत. त्यांपैकीं ग्लुटामिन उष्णतेनें फुटून अमोनिया सोडतें. रस आंबटाकडे झुकतो आणि कांहीं साखर तुटते. उरलेलीं आम्लें मळींत जातात व पुष्कळशी साखर दाणा धरूं न देतां तेथेंच अडकवून ठेवतात.

त्यांना निराळें करण्याची युक्ति आहे. रस थंड करून राळेच्या विशिष्ट मण्यांतून सोडला कीं, मण्यांतील आम्लतेमुळें अमिनो आम्लांवर धन विद्युत्‌भार येतो व तीं मण्यांना चिकटतात. साखरेवर भार नसतो, ती पुढें वाहून जाते. नंतर अमोनियाच्या पाण्यानें मणी धुतले म्हणजे आम्लें सुटून हातीं येतात.

पण ही युक्ति खर्चाची आहे. स्वस्त उपाय शेतांतच आहे. युरिया जास्त दिला कीं पाला माजतो, कंद फुगतो, आणि त्यांत अमिनो आम्लें सांचतात. वजन वाढतें, साखर घटते. म्हणूनच युरोपांत बीट घेतांना साखरेबरोबर हें अमिनो नत्रहि तपासतात. वजनावर ऊंस विकण्याची संवय असलेल्या शेतकऱ्यानें बीट लावतांना प्रथम ध्यानांत घ्यावयाचें तें हेंच: हात आंखडून घातलेल्या खतानें जी साखर वांचते, ती कारखान्यांत पुन्हां मिळवितां येत नाहीं.