जांघेतली कळ आणि विश्रांतीचा चकवा

फुटबॉलपटूच्या जांघेतलं दुखणं फसवं असतं. सकाळी उठताना जांघ आखडलेली असते, मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की मोकळी होते. खेळाडूला वाटतं, स्नायू जरा भरून आला होता, एवढंच. सामना होतो आणि रात्री कूस बदलतानाही कळ येते. मग पंधरा दिवस विश्रांती, बरं वाटलं की पुन्हा मैदान, आणि पहिल्याच जोरदार फटक्याला तीच कळ.

बहुतेक वेळा मूळ असतं अ‍ॅडक्टर लाँगस या स्नायूत. मांडीच्या आतल्या बाजूचा हा लांबट स्नायू वर जघनास्थीवर अगदी छोट्या जागेत चिकटलेला असतो. फटका मारायला पाय मागे आणि थोडा बाहेर जातो तेव्हा हा स्नायू ताणला जातो, आणि नेमका त्याच क्षणी पाय पुढे खेचण्यासाठी त्याला आवळावंही लागतं. हा दुहेरी ताण त्या चिकटलेल्या जागेवर येतो. शिवाय पायाच्या आतल्या बाजूनं दिलेले पास आणि धावता धावता घेतलेली वळणं आहेतच. तपासताना डॉक्टर दोन्ही गुडघ्यांमध्ये मूठ धरून ‘दाबा’ म्हणतात. कळ तिथंच उठली, तर शंका या स्नायूवर.

पण जांघेत गर्दी फार. मांडी वर उचलणारा इलिओसोआस, पोटाच्या स्नायूंचा खालचा भाग, जघनास्थीचा सांधा, खोलवर खुबा. यातलं काहीही दुखू शकतं, कधी दोन एकदम. हर्निया नसतानाही वर्षानुवर्षं ‘स्पोर्ट्स हर्निया’ म्हटलं जाई. 2014 मध्ये दोह्यात 14 देशांच्या 24 तज्ज्ञांनी एकत्र बसून या दुखण्यांची नावं आणि गट ठरवले, तेव्हा कुठे डॉक्टर एका भाषेत बोलू लागले.

उपचारांचं चित्र त्याआधीच पालटलं होतं. डेन्मार्कच्या पेर होल्मिश यांनी जांघेच्या जुनाट दुखण्यानं बेजार झालेल्या खेळाडूंचे दोन गट केले. एकाला मसाज, स्ट्रेचिंग, लेझर. दुसऱ्याला आठ ते बारा आठवडे मांडीच्या आतल्या आणि पोटाच्या स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम. 1999 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. व्यायामाच्या गटात 29 पैकी 23 जण वेदनेशिवाय खेळात परतले, दुसऱ्या गटात 30 पैकी फक्त 4. विश्रांतीनं वेदना शमते, पण स्नायू होता तितकाच दुबळा राहतो, किंबहुना आणखी दुबळा होतो. आपल्याकडे अजून मलम, शेक आणि ‘आराम कर’ यावरच भागवलं जातं, याचं वाईट वाटतं.

यातूनच ‘कोपनहेगन’ नावाचा व्यायाम रुळला. कुशीवर होऊन कोपरावर भार द्यायचा, वरचा पाय जोडीदारानं धरायचा, अंग उचलून खालचा पाय वरच्याला भिडवायचा, मग सावकाश खाली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात हा व्यायाम करणाऱ्या संघांत जांघेच्या तक्रारींचा धोका 41 टक्क्यांनी कमी दिसला. साधन काहीच लागत नाही, जोडीदार तेवढा हवा. म्हणजे कोल्हापुरातल्या तालमीच्या संघालाही तो उद्यापासून जमेल. सुरुवातीला मात्र जोडीदारानं घोट्याऐवजी गुडघ्याला आधार द्यावा, म्हणजे भार हलका पडतो.

खुब्याची गोष्ट वेगळी, आणि ती लहानपणी सुरू होते. मांडीच्या हाडाचा गोल माथा जिथं मानेला मिळतो, तिथं काही खेळाडूंत जास्तीचं हाड वाढतं आणि पाय वाकवताना ते सांध्याच्या कडेवर घासतं. नेदरलँड्समधल्या फुटबॉल अकादमीच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की ही वाढ हाडं वाढण्याच्या वयातच होते, पुढे थांबते. म्हणून शाळेचा संघ, क्लब आणि अकादमी अशा तिन्हीकडे एकाच मोसमात पळणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाची मला काळजी वाटते. या वयात मूल लंगडू लागलं, जांघ किंवा नुसता गुडघा जरी दुखत असला, तरी मांडीच्या हाडाचा माथा जागेवरून सरकलेला असू शकतो. अशा वेळी खेळ आणि त्या पायावर भार देणं तिथंच थांबवून त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढावा.