जुन्या तांदळाची गोडी



खाण्यापिण्याच्या बहुतेक जिनसा ताज्या असतांनाच गोड लागतात. भाजी सकाळची घ्यावी, दूध धारोष्ण प्यावें, फळ झाडावर पिकलेलें खावें, हें आपणांस लहानपणापासून ठाऊक असतें. तथापि कांहीं थोड्या जिनसांच्या बाबतींत काळ हा वैरी नसून सोबती असतो. लोणचें मुरावें लागतें, मुरंबा मुरावा लागतो; आणि फ्रान्स देशांतील बोर्दो प्रांताचें निवडक तांबडें द्राक्षमद्य तर दहा-दहा, वीस-वीस वर्षें तळघरांत मुरत ठेवितात. नवें असतांना तें तोंड आंवळून टाकील इतकें तुरट असतें. हा तुरटपणा द्राक्षांच्या साली व बिया यांतून येतो. वर्षें लोटतात तसतसे तुरट द्रव्याचे आणि रंगद्रव्याचे कण एकमेकांस जोडले जाऊन कांहीं अंशीं गाळरूपानें तळाशीं बसतात. जांभळी छटा जाऊन विटकरी येते आणि चव मृदु होते. मात्र ही पक्वता कायमची नसते. ऐन वेळ टळली म्हणजे त्याच मद्याचा स्वाद उतरूं लागतो. तेव्हां ठेवणाराचें कौशल्य दोन गोष्टींत असतें : किती थांबावें हें कळणें, आणि वेळ येतांच बाटली उघडण्यास न कचरणें.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानमुलखांत अशा तळघराची गोष्ट काढणें विनोदाचें होईल. तें मद्य १२-१३ अंश उष्णतामानांत सुखानें राहतें. येथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर चढतो. शिवाय गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. मोहाच्या फुलांची दारू या भागांत पूर्वापार माहीत आहे खरी. पण ती मुरविण्यासाठीं कोणी ठेवीत नाहीं. असें असूनही, काळजीपूर्वक जुनी करून मग चवीनें खावयाची एक वस्तु या मुलखांत आहे. ती म्हणजे तांदूळ.

नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा हा सारा टापू धानाचा. पावसावर आणि जुन्या मालगुजारी तलावांच्या पाण्यावर येथील शेती उभी आहे. आषाढ-श्रावणांत रोवणी होते आणि दिवाळीच्या आगेंमागें कापणी सुरू होते. मळणीनंतर घरापुरतें धान चांगलें वाळवून कणगींत भरतात. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली व शेणमातीनें लिंपलेली उंच कोठी. किडीसाठीं तींत कडुलिंबाचा पाला घालतात. हेंच आमचें तळघर. लक्षांत घ्यावयाची गोष्ट ही कीं, कणगींत तांदूळ नव्हे, तर धान, म्हणजे तूस असलेला दाणा, ठेवितात. तूस हें दाण्याचें चिलखत होय. त्याच्या आंत कोंड्याचा पातळ थर असतो व त्यांत तेल असतें. तूस निघून कोंडा उघडा पडला कीं हवा लागून तें तेल खवट होऊं लागतें. म्हणूनच हातसडीचा तांदूळ फार दिवस टिकत नाहीं. धान कणगींत राहूं द्यावें आणि लागेल तेवढेंच भरडून आणावें, या जुन्या रीतींत मोठें शहाणपण आहे.

कणगींत घडतें तरी काय? नवा तांदूळ शिजविला म्हणजे दाणा लवकर फुटतो, त्यांतील पिष्ट पाण्यांत उतरतें, पेज दाट होते आणि भात गिचका होतो. धान कांहीं महिने राहिलें कीं दाण्यांतील प्रथिनांचे रेणू गंधकाच्या बंधांनीं एकमेकांशीं अधिक घट्ट जोडले जातात आणि पिष्टकणांभोंवतीं जणूं जाळें विणतात. तेलाचा कांहीं अंश विघटित होऊन त्यांतील आम्लें पिष्टाशीं संयोग पावतात. परिणाम असा कीं, दाणा पाणी सावकाश पण अधिक शोषतो, लांबीनें वाढतो, आणि तरीही फुटत नाहीं. यांतील बराचसा फरक पहिल्या तीन-चार महिन्यांतच पडतो, व उष्ण हवेंत तो अधिक वेगानें होतो. म्हणजे जो उन्हाळा द्राक्षमद्याचा शत्रु, तोच आमच्या तांदळाला मुरवितो.

या व्यवहारांत कांहीं गमवावेंही लागतें. सुवासिक तांदळाचा घमघमाट जुनेपणीं कमी होतो. तो फारच जुना झाला तर कुबट वास येतो व सोंडे पडतात. भावप्रकाश या वैद्यकग्रंथांत सांगितलें आहे कीं, वर्षभर ठेवलेलें धान्य आपला जडपणा टाकतें, पण सत्त्व टाकीत नाहीं. त्यानंतर मात्र तें सत्त्वही क्रमाक्रमानें जाऊं लागतें. आजाऱ्याच्या पथ्याला जुन्या तांदळाचा भात सांगतात, तो याच विचारानें.

या भागांतील प्रसिद्ध बारीक तांदूळ आला कोठून, हेंही ऐकण्यासारखें आहे. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्यें आपल्या शेतांतील ‘पटेल ३’ या वाणांत कांहीं निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनीं त्या वेगळ्या काढून ठेविल्या, आणि वर्षामागून वर्ष पेरून, निवडून बियाणें वाढविलें. पुढें त्या चवदार तांदळास त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ हें नांव पडलें आणि तो दूरवर पसरला. २००५ मध्यें राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानें दादाजींचा गौरव केला. त्यांच्या वाणानें अनेकांचीं कोठारें भरलीं; ते स्वतः मात्र अखेरपर्यंत ओढगस्तींतच राहिले व ३ जून २०१८ रोजीं निवर्तले.

येथें या विषयाची दुसरी बाजू येते. जुना तांदूळ नव्याहून महाग विकतो. पण थांबण्याची ऐपत सर्वांस नसते. बोर्दोकडेही कोवळें मद्य विकत घेऊन वीस वर्षें थांबणारा सधनच असतो. आमच्याकडे खळ्यावर रास पडते न पडते तोंच खतवाल्याची उधारी, मजुरांचे पैसे, सोसायटीचें कर्ज दारीं उभें राहतें. माझ्या मास्तरकीच्या काळांत कित्येक मुलांची परीक्षेची फी घरचें धान विकलें म्हणजेच येई. अशा घरचें धान पौषापूर्वींच वखारींत जातें आणि मुरल्यावरची वाढीव किंमत वखारवाल्याच्या पदरीं पडते. या अडचणीवर उपाय म्हणून महाराष्ट्रांत १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना निघाली : बाजार समितीच्या गोदामांत माल ठेवावा, किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत कर्ज घ्यावें, व सहा महिन्यांच्या आंत भाव पाहून माल विकावा. तांदूळ मुरण्यास एवढी मुदत पुरेशी असते. ज्या गांवीं बाजार समिती हें काम नेटानें करील, तेथें थांबण्याचें फळ पिकविणाराच्या हातीं पडेल.

शेवटीं घरांतील मंडळींसाठीं दोन शब्द. दुकानांत तांदूळ जुना आहे का, एवढेंच विचारूं नये. धान किती महिने राहिलें आणि भरडाई केव्हां झाली, हें दोन्ही विचारावें. दाणा दांताखालीं कडक आणि कुबट वास नसलेला असावा. तो धुवून अर्धा तास भिजत घालावा. नव्या तांदळास दीडपट पाणी पुरत असेल, तर जुन्यास दुप्पट किंवा थोडें अधिक लागतें. मग शितावरून भाताची परीक्षा करावी : शीत लांब, मोकळें आणि बोटानें दाबतां मऊ असावें. नवा तांदूळ टाकाऊ मुळींच नव्हे. पेज, खीर आणि मोदकांची पिठी यांस तोच बरा. पण ज्या दिवशीं जुना तांदूळ शिजवाल, त्या दिवशीं वरण साधें ठेवा, वर चमचाभर तूप घाला आणि मसाल्यास आवरतें घ्या, म्हणजे भाताची स्वतःची चव कळेल. आणि चांगलें आहे म्हणून कणगींतलें धान दोन-तीन वर्षें राखून ठेवूं नका. पुढच्या दिवाळीला नवी रास दारांत येईल, त्याच्या आंत जुनी कणगी रिकामी झालेली बरी.