दोष ग्रहांचा, की घाईचा?

आमच्या शेजारच्या घरात ठरत आलेलं लग्न पत्रिकेपायी मोडलं. मुलीची आई माझ्याकडे बसून डोळे पुसत म्हणाली, "नशिबातच नव्हतं हो!" ती गेल्यावर मी कपाटातून शेक्सपिअरचं 'रोमिओ अँड ज्युलिएट' काढून पुन्हा वाचायला घेतलं.

१५९७ साली प्रथम छापलेलं हे नाटक. सुरुवातीलाच सूत्रधार सांगून टाकतो, की या दोघांचे ग्रहच आडवे आहेत. मेजवानीला निघालेल्या रोमिओच्या मनातही पाल चुकचुकते. तेव्हाच्या प्रेक्षकांना यात नवल वाटलं नसणार. ग्रहताऱ्यांचा परिणाम शरीरावर होतो, असं त्या काळी वैद्यही मानत. 'इन्फ्लुएन्झा' हा शब्द त्याच समजुतीतून आलेला.

गंमत म्हणजे नाटकात कुणी कुणाची पत्रिका मांडत नाही. ज्युलिएटची सहज मांडता आली असती! तिची दाई म्हणते, पोरीचं वय मी तासाच्या हिशेबाने सांगेन. जुलैच्या अखेरच्या रात्री जन्म. अंगावरचं दूध तोडलं ते भूकंपाच्या दिवशी, कडू पाला लावून. चौदा पुरी व्हायला पंधरवडा उरलाय. आपल्याकडच्या जुन्या सुइणी अशाच बोलायच्या, नाही का?

आर्थर ब्रुकच्या १५६२ सालच्या काव्यावरून शेक्सपिअरने ही कथा घेतली. तिथे ज्युलिएट सोळाच्या घरातली, आणि कथा कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने तिचं वय कमी केलं आणि महिन्यांचे दिवस केले. रविवारी गाठ, सोमवारी चोरून लग्न आणि आठवडा संपायच्या आत दोघंही गेलेली. त्यात ज्युलिएटच्या बापाने पॅरिसशी तिचं लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणलं. ही घाई कुठल्या ग्रहाने केली?

दैवाचा भाग आहे, नाही असं नाही. ज्युलिएट मेलेली नाही, बेचाळीस तासांच्या औषधाच्या गुंगीत आहे, हे कळवणारं पत्र रोमिओपर्यंत पोचतच नाही. नेणारा साधू प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो. पण मृत्यूची खोटी बातमी ऐकताच रोमिओ ताऱ्यांना धुडकावतो आणि त्याच पावली विष विकत घेतो. धर्मगुरूकडून काही निरोप आहे का, एवढं विचारतो. नाही म्हटल्यावर थांबत मात्र नाही.

मला खरा चटका लावून गेला तो त्याआधीचा प्रवेश. पॅरिसशी लग्न करायला ज्युलिएट नकार देते, तेव्हा बाप तिला रस्त्यावर काढायची धमकी देतो. ती आईला म्हणते, निदान महिनाभर, आठवडाभर तरी लांबवा. आई म्हणते, माझ्याशी बोलूच नकोस. मग ती दाईकडे वळते. पहिलं लग्न झाल्याचं हिला ठाऊक! तरी ती सांगते, पॅरिसच बरा. त्या क्षणी पोर गप्प होते. त्यानंतर दाईला ती मनातलं काहीच सांगत नाही.

परवा शेजारीण पुन्हा आली. नवं स्थळ आलंय, गुण अठ्ठावीस जुळतायत, असं सांगत होती. मी चहा ओतता ओतता विचारलं, "आणि पहिल्या मुलाबद्दल तिला काय वाटत होतं?"

"कुणाला?" ती म्हणाली.