कोल्हा कुंपणावरून कमी, खालून जास्त येतो! परसबाग आणि कोंबड्या वाचवायच्या तर आधी जाळीचा पाय बांधा

घोटी : भात निघाला की इगतपुरी तालुक्यात घराघरांच्या मागे परसबाग उभी राहते. वांगी, मिरची, मेथी, वाल, काकडी, दोन-चार ओळी मका आणि सोबत पाच-दहा गावठी कोंबड्या. घरातल्या बाईच्या हातात रोख पैसा येतो तो बऱ्याचदा यातूनच. मग एका सकाळी कोंबडी गायब, मक्याची कणसं ओरबाडलेली आणि कुंपणाच्या खाली उकरलेला खड्डा दिसतो. खड्डा बुजवला, वर दगड ठेवला, तरी दोन दिवसांनी शेजारी नवा खड्डा!

असं झालं की बरेच जण कुंपणाची उंची वाढवतात. पण उकरणाऱ्या जनावराला उंचीशी फारसं देणंघेणं नसतं. जाळी जमिनीला जिथे टेकते, तिथेच ते नाक लावतं आणि पुढच्या पायांनी माती काढायला लागतं. म्हणून खर्च आणि मेहनत आधी कुंपणाच्या पायात घाला, मग उंचीत.

आधी ओळखा, उकरतंय कोण?

- कोल्हा : जाळीला लागूनच, अंग घुसेल एवढा अरुंद खड्डा. तारेला भुरकट केस अडकलेले दिसतात. मका, काकडी, कलिंगड, बोरं, उंदीर, कोंबडी असं सगळं खातो.
- रानडुक्कर : नांगर फिरवल्यासारखी जमीन उलथलेली. जाळी मुस्काटाने वर उचललेली, कधी खांबासकट वाकलेली.
- साळिंदर : कंद-मुळं कुरतडलेली, आसपास काटे पडलेले.
- घूस : लहान गोल बीळ, तोंडाशी मातीचा ढीग.
- मोकाट कुत्री : खड्डा कोल्ह्यासारखाच असतो. रात्री एकदा बॅटरी मारून बघा, नाहीतर उगाच कोल्ह्याचं नाव होतं.

आपण ज्याला कोल्हा म्हणतो त्याच्यापेक्षा खोकड लहान असतं, त्याच्या शेपटीचं टोक काळं असतं आणि ते कोरड्या माळरानावर जास्त दिसतं. घोटीच्या डोंगराळ, झाडीच्या पट्ट्यात बहुतेक वेळा कोल्हाच असतो. उकरण्याची सवय दोघांची सारखीच, त्यामुळे उपायही एकच.

जाळीचा पाय म्हणजे काय?

जाळी सरळ खाली खोल पुरायची झाली तर दोन फूट चर खणावा लागतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हातभर खाली कातळ लागतो. त्यापेक्षा सोपी पद्धत म्हणजे जाळी बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून जमिनीत आडवी पसरणे. कोल्हा कुंपणाला चिकटून उकरतो, खाली पंज्याला जाळी लागते. दोन फूट मागे जाऊन तिथून बोगदा काढावा, हे सहसा त्याला सुचत नाही.

असं करा :

1. कुंपणाच्या बाहेरच्या बाजूने दोन फूट रुंद आणि अर्धा फूट खोल माती काढा.
2. दोन फूट रुंदीची वेल्डेड जाळीची पट्टी त्यात आडवी पसरा. आतली कड उभ्या जाळीला दर अर्ध्या फुटावर बाइंडिंग वायरने आवळून बांधा.
3. बाहेरची कड वाकवलेल्या सळईच्या खुंट्यांनी जमिनीत ठोका.
4. वर दगड रचा, माती टाकून दाबा. गवत उगवलं की मुळांत जाळी आणखी घट्ट बसते.
5. कोपऱ्यात पट्ट्या एकमेकींवर किमान फूटभर चढवा. कोपऱ्यात फट राहिली तर जनावर तीच शोधतं.

पट्टी आतल्या बाजूला पसरू नका. मग तो बाहेरून उकरून सरळ आत निघेल.

एका गुंठ्याचा हिशोब

एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. जागा चौकोनी असेल तर एक बाजू 33 फूट आणि चारी बाजू मिळून 132 फूट. साधारण आठ फुटांवर एक खांब धरला तर 16 खांब लागतात. फाटकासाठी एक-दोन जास्त धरा. उभी जाळी 132 फूट आणि पायाची पट्टीही तेवढीच, शिवाय कोपऱ्यांसाठी थोडी जास्त.

- उंची : जमिनीपासून पाच ते सहा फूट. वर एक फूट जाळी सैल ठेवून बाहेर झुकवली तर चढणाऱ्या जनावराला आधार मिळत नाही.
- जाळी : जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेलीच घ्या. तालुक्याच्या घाटाकडच्या भागात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. साधी तार मातीत लवकर गंजते आणि पाय आतून कुजला तरी वरून कळत नाही.
- गेज : आकडा जितका लहान, तार तितकी जाड. 12 गेज ही 16 गेजपेक्षा जाड. भोक दोन इंचांपेक्षा मोठं नको. षटकोनी बारीक कोंबडी-जाळी एकटी टिकत नाही, कोल्हा आणि कुत्रा ती दातांनी फाडतात.
- खांब : सिमेंटचे किंवा लोखंडी अँगल, दोन फूट जमिनीत. बुडाशी खडी-सिमेंटचा गोळा करताना वरून उतार द्या, म्हणजे पाणी साचणार नाही. कोपऱ्याच्या खांबांना तिरका टेकू द्याच.

फाटक आणि पाण्याची वाट : दोन दुबळ्या जागा

चांगलं कुंपण घालूनही जनावर आत येतं ते बहुतेक या दोन ठिकाणांहून.

फाटकाखाली मातीच असेल तर ती रोजच्या येण्या-जाण्याने झिजते आणि चार बोटांची फट पडते. तिथे दगडाचा किंवा काँक्रीटचा उंबरा करा, फूटभर खोल. फाटक आणि उंबरा यांत दोन बोटांपेक्षा जास्त अंतर नको.

दुसरी जागा म्हणजे पावसाचं पाणी बाहेर जाण्याची मोरी. ती बुजवली तर पाणी साचून कुंपणच ढकलेल. तिथे पाइप टाका आणि तोंडाला सळयांची जाळी बसवा. पावसाळ्यात दर आठवड्याला त्यातला पालापाचोळा काढा. मोठ्या पावसानंतर सगळ्या कुंपणाला एक फेरी मारा.

काम दिवाळीनंतर काढा. माती अजून ओलसर असते, खणायला सोपी जाते. शेवटची बाजू बंद करण्याआधी आत कुठलं जनावर राहिलं नाही ना, ते नक्की बघा.

पैसे कमी असतील तर

पूर्ण बागेला कुंपण न घालता फक्त खुराडं आणि भाजीचे वाफे बंदिस्त करा. जुन्या कुंपणाला नुसती पायाची पट्टी जोडली तरी मोठा फरक पडतो. पहिल्या पावसात बाहेरून करवंद, निरगुडी किंवा घायपात दाट लावा. दोन-तीन वर्षांत जिवंत कुंपण तयार होतं, पण ते जाळीच्या जोडीला, जाळीऐवजी नाही. मेलेली कोंबडी, खरकटं उघड्यावर टाकू नका. त्याच वासावर कोल्हा येतो.

एक लक्षात ठेवा, हे कुंपण बिबट्याला अडवत नाही. कोंबड्या-शेळ्या रात्री छत असलेल्या बंद गोठ्यातच हव्यात.

हे मात्र करू नका

कुंपणात घरातला किंवा मोटारीचा करंट सोडणे, फासे लावणे, विष घालणे, गावठी बॉम्ब ठेवणे हे सगळे गुन्हे आहेत. अशा तारेला चिकटून माणसं आणि गुरंही दगावतात, आणि मग थेट मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तिच्यात कोल्हा आणि खोकड दोन्ही अनुसूची एकमध्ये आहेत. मारल्यास किमान 3 ते 7 वर्षांपर्यंत कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड होऊ शकतो.

सौर कुंपणाचं तसं नाही. त्यात यंत्रातून क्षणभराचा झटका थांबून थांबून येतो, त्याने जनावर मरत नाही, फक्त मागे फिरतं. त्यासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून मदत मिळते. आपलं गाव त्यात बसतं का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. रानडुकराने पीक खाल्लं तर त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून वनरक्षकाला कळवा, पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. वन विभागाचा टोल फ्री क्रमांक 1926 आहे.

आणि कोल्हा चावला, नुसतं ओरखडलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठून रेबीजची लस घ्या.

कोल्हा भाताच्या बांधातले उंदीर आणि घुशीही खातो. तो शिवारात राहिला तर आपलंच काम करतो. त्याला फक्त आपल्या खुराड्यापासून लांब ठेवायचं आहे, आणि त्यासाठी मातीखालची दोन फूट जाळी पुरते.