घरगुती पाळणाघर : माया आणि मोजमाप

पुण्या-मुंबईकडील एखाद्या गृहसंस्थेच्या जिन्यांत सकाळीं साडेआठच्या सुमारास एक देखावा नित्य दृष्टीस पडतो. कामावर निघालेली आई कडेवरचें मूल दुसऱ्या मजल्यावरील काकूंच्या स्वाधीन करते, दुधाची बाटली व कपड्यांची पिशवी दारांतच ठेवते आणि मूल रडूं लागण्यापूर्वीं पाय उचलते. काकू प्रेमळ आहेत, घर स्वच्छ आहे, ओळखीच्या माणसांनीं शिफारस केली आहे. महिन्याचे पैसे किती आणि मूल किती वाजेपर्यंत ठेवतां येईल, हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशीं विचारले जातात. परंतु तिसरा व सर्वांत महत्त्वाचा प्रश्न भिडेपोटीं ओठांतच राहतो : या घरांत एका वेळीं मुलें किती, आणि त्यांना पाहणारीं माणसें किती ?

हा प्रश्न विचारण्यांत काकूंवर संशय घेतल्यासारखें होत नाहीं. माया मोजतां येत नाहीं हें खरें. पण हात मोजतां येतात, व ते दोनच असतात. एका तान्ह्या मुलाचें दुपटें बदलण्यास पांच मिनिटें लागतात. तेवढ्या वेळांत रांगणारें दुसरें मूल स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशीं पोहोंचतें आणि तिसरें गॅलरीच्या कठड्यापाशीं खुर्ची ओढीत नेतें. घरांत अकस्मात् धूर झाला, तर एक बाई दोन मुलें उचलून जिना उतरूं शकेल. पांच तान्हीं मुलें घेऊन उतरणें कोणालाहि साधणार नाहीं. म्हणून पाळणाघराच्या सुरक्षिततेचें पहिलें माप संख्या हेंच होय. काकूंचीं स्वतःचीं नातवंडें घरांत असल्यास तींहि या मोजणींत धरलीं पाहिजेत.

इंग्लंडांत ही गोष्ट अनेक बालकांचे जीव गेल्यावर कायद्याच्या ध्यानांत आली. पैसे घेऊन परक्यांचीं तान्हीं मुलें घरीं ठेवण्याचा धंदा तेथें एकोणिसाव्या शतकांत चालत असे. अफूमिश्रित औषधानें मुलांना गुंगवून ठेवणें, त्यांची उपासमार करणें असे प्रकार त्यांत घडत. अशाच एका मुलाच्या खुनाबद्दल मार्गारेट वॉटर्स या बाईस १८७० सालीं फांशी झाली. लोकमत खवळलें आणि १८७२ सालीं बालजीवितरक्षणाचा कायदा आला. एक वर्षाखालील एकाहून अधिक मुलें २४ तासांहून जास्त काळ ठेवणाऱ्या घराची नोंदणी त्यानें सक्तीची केली. दिवसापुरतीं मुलें सांभाळणारीं घरें मात्र मोकळींच राहिलीं. त्यांच्या नोंदणीचा कायदा होण्यास १९४८ साल उजाडावें लागलें. आज तेथें एकटी बाई सामान्यतः आठ वर्षांखालील ६ मुलेंच एका वेळीं सांभाळूं शकते; त्यांपैकीं शाळकरी वयाखालचीं फार तर ३, आणि एक वर्षाखालचें एकच.

भारतांतहि १९४८ च्या कारखाने कायद्यानें पाळणाघराची तरतूद केली. पुढें २०१७ सालीं मातृत्वलाभ कायद्यांत दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी आली, व आईला दिवसांतून ४ वेळां मुलास भेटण्याची मुभा मिळाली. परंतु या तरतुदींचा रोख मालकावर आहे. शेजारच्या काकूंच्या घरांत त्या डोकावत नाहींत. तेथें तपासनिसाचें काम आईबापांनाच करावें लागतें.

तपासणीचा आरंभ मोरीपासून करावा. बादलींत वीतभर पाणी असलें, तरी डोकावणारें मूल तोल जाऊन त्यांत पडतें व त्याला वर निघतां येत नाहीं. म्हणून बादल्या रिकाम्या करून पालथ्या घालाव्या आणि मोरीच्या दारास बाहेरून कडी असावी. स्वयंपाकघराच्या दाराला छोटें फाटक असावें. गॅलरीच्या गजांतून मुलाचें डोकें जाऊं नये, व तेथें चढण्याजोगें सामान ठेवूं नये. फिनेल, औषधें व डासांसाठीं वापरावयाचें द्रव्य उंच कपाटांत कुलपांत असावें. शेंगदाणा, फुटाणा, मणी, नाणें या वस्तु घशांत अडकून श्वास कोंडतात. खेळण्यांतील बटणाएवढी बॅटरी गिळली गेली, तर ती अन्ननलिका आंतून भाजून काढते.

मूल निजवितात कसें, हेंहि पाहावें. पूर्वीं पाश्चात्त्य देशांत मूल पालथें निजविण्याचा सल्ला देत असत. पुढें असें आढळून आलें कीं, पालथीं निजणाऱ्या तान्ह्या मुलांत झोपेंतील अकस्मात् मृत्यू अधिक होतात. इंग्लंडांत १९९१ सालीं मूल उताणें निजविण्याची मोहीम निघाली, आणि थोड्याच वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. सपाट व घट्ट गादी, तोंडाजवळ उशी अथवा जाड पांघरूण नाहीं, आणि मूल उताणें : एवढ्यानें जीव वांचतो, व त्याला पैसाहि लागत नाहीं.

रोगराईचें भान तितकेंच आवश्यक आहे. २०२२ सालीं मुंबईंत गोवराची सांथ आली, तेव्हां लस न टोंचलेलीं मुलें तिच्या तावडींत अधिक सांपडलीं. प्रत्येक मुलाच्या लसींची नोंद पाळणाघरांत असावी, दुपटें बदलल्यावर साबणानें हात धुतले जावे, आणि आईबापांचे क्रमांक व रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक भिंतीवर ठळक लिहिलेला असावा. मूल न्यावयास कोण येणार त्यांचीं नांवें काकूंपाशीं लेखी असावीं; इतर कोणाच्याहि हातीं मूल देऊं नये.

एवढ्यानें मूल सुरक्षित राहील. पण त्यास वाढीला माणसाचा शब्द हवा. दिवसभर पडद्यापुढें निमूट बसविलेलें मूल सांभाळलें गेलें असें म्हणतां येत नाहीं. काकू त्याच्याशीं बोलतात काय, गाणें म्हणतात काय, चड्डी ओली झाल्यास चारचौघांत लाजवितात काय, हें ऐकून-पाहून कळतें. आई एखाद्या दुपारीं अवचित गेली असतां दार आनंदानें उघडलें जातें कीं नाहीं, ही साधी कसोटी कोणालाहि घेतां येते.

मात्र कसोटी दोन्ही बाजूंनीं लागते. कमी पैशांत मूल ठेवण्याचा आग्रह धरणारे आईबाप काकूंना चौथें, पांचवें मूल घेण्यास भाग पाडीत असतात. तापानें फणफणलेलें मूल रजा वांचविण्याकरितां दारांत सोडून जाणारा बाप इतर साऱ्या मुलांना आजारांत लोटतो. मोजकीं मुलें हवीं असतील, तर त्या मोजक्या मुलांवर काकूंचें घर चाललें पाहिजे. हें ज्यांना पटलें असेल त्यांनीं तिसरा प्रश्न पहिल्याच दिवशीं, मोकळेपणानें विचारावा. जाणत्या काकूंना त्याचा राग येत नाहीं; आपल्या कामाची किंमत ओळखणारें माणूस दारीं आलें, असेंच त्यांना वाटतें.